बाण आणि घड्याळ

शीर्षक वाचून महाराष्ट्रातला वाचक सावरून बसला असेल. बसू नये. निवडणूक आयोग, सर्वोच्च न्यायालय, खरा पक्ष कुणाचा, यातलं इथं काहीही नाही. हा बाण क्षेपणास्त्राचा आहे आणि घड्याळ उपग्रहातलं. वाद मात्र ओळखीचाच: मिरवायचं कुणी आणि राबायचं कुणी.

आधी बाण. २७ मार्च २०१९. पंतप्रधान थोड्याच वेळात राष्ट्राला उद्देशून बोलणार अशी बातमी आली आणि निम्म्या देशाचा हात आपोआप पाकिटाकडे गेला. २०१६ च्या नोव्हेंबरातली नोटबंदी कोण विसरणार? पण या वेळी नोटा शाबूत राहिल्या, बाद झाला तो एक उपग्रह. ओडिशाच्या किनाऱ्याजवळच्या अब्दुल कलाम बेटावरून डीआरडीओनं क्षेपणास्त्र सोडलं आणि सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवरचा मायक्रोसॅट-आर तीन मिनिटांत फोडला. मोहिमेचं नाव मिशन शक्ती. अमेरिका, रशिया, चीन यांच्यानंतर आपण चौथे. तंत्रज्ञांना सलाम करायलाच हवा. सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगानं पळणारी वस्तू नेमकी गाठायची, हे काही खायचं काम नाही.

बारीक तपशील एवढाच, की उपग्रह आपलाच होता. दोन महिन्यांपूर्वी, जानेवारीत, आपणच तो वर पाठवला होता.

यात आपलं काही चुकलं असं नाही, या धंद्याची रीतच तशी आहे. अमेरिकेनं १९८५ मध्ये एफ-१५ विमानातून क्षेपणास्त्र डागून सोलविंड हा उपग्रह उडवला. तो अमेरिकेचाच, शिवाय चालू. त्यावरून सूर्याची निरीक्षणं घेणारे शास्त्रज्ञ हात चोळत बसले. चीननं २००७ मध्ये फेंगयुन-१सी हा हवामानाचा जुना उपग्रह फोडला, तो चीनचा. २००८ मध्ये अमेरिकेनं बिघडलेला हेर-उपग्रह पाडला, तो अमेरिकेचा. २०२१ मध्ये रशियानं कॉसमॉस-१४०८ फोडला, तो रशियाचा वारसाहक्कानं. अवकाशयुद्धाचा आजवरचा धावफलक वाचा: स्वतःचे उपग्रह फोडणारे देश चार, शत्रूचा उपग्रह फोडणारा एकही नाही. इतकी रक्कम खर्चून इतक्या निष्ठेनं स्वतःचंच नुकसान करणारी दुसरी संस्था शोधायची तर एखाद्या सहकारी साखर कारखान्याचा ताळेबंद काढावा लागेल.

शत्रूचा का फोडत नाहीत? माणुसकी म्हणून नव्हे, तुकडे परत येतात म्हणून.

*

चीनच्या त्या एका चाचणीनं माग काढता येतील असे तीन हजारांहून जास्त तुकडे केले. उंची साडेआठशे किलोमीटरच्या आसपास. तिथं हवा इतकी विरळ की तुकडे खाली यायला दशकं लागतात. तुकड्याला झेंडा नसतो, पासपोर्ट नसतो, आणि आपल्याला कुणी जन्माला घातलं याची कृतज्ञता तर अजिबात नसते. रशियानं २०२१ च्या नोव्हेंबरात उपग्रह फोडला तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या सात जणांना जीव मुठीत धरून आपापल्या यानांत जाऊन बसावं लागलं. त्या सातांत दोघे रशियन होते. मातृभूमीनं डागलेल्या तोफेच्या छर्‍यांपासून मातृभूमीचेच दोन सुपुत्र लपले आहेत, हे दृश्य वीररसाच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही.

आपण हुशारी केली. मुद्दाम कमी उंचीवरचं लक्ष्य निवडलं. पंचेचाळीस दिवसांत सगळे तुकडे जळून जातील असं सांगितलं. बहुतेक गेलेही. थोडे हट्टी निघाले आणि वर्ष उलटलं तरी फिरत राहिले. सरकारी मुदतवाढ अवकाशातही मिळते, हे त्यातून सिद्ध झालं.

आणि ज्यांना वाटतं की अवकाशातली लढाई म्हणजे वरच्या वर भागणारी, स्वच्छ, आपल्या अंगणाबाहेरची गोष्ट, त्यांनी ९ जुलै १९६२ ची रात्र वाचावी. अमेरिकेनं पॅसिफिकवर चारशे किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनांचा अणुबाँब फोडला. चाचणीचं नाव स्टारफिश प्राइम. चौदाशे किलोमीटर लांबच्या हवाईत रस्त्यावरचे दिवे गेले. हवाई अमेरिकेचंच. नंतर त्या स्फोटानं मागे ठेवलेल्या किरणोत्सारात सापडून काही उपग्रह निकामी झाले. त्यात अमेरिकेचा टेलस्टार होता आणि ब्रिटनचा पहिलावहिला एरिएलही. शत्रूला दाखवायला गेलेली ताकद मित्राच्या माथी पडली. पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, अवकाशात अण्वस्त्रं ठेवायची नाहीत असा करार झाला. आधी हात पोळून घ्यायचा आणि मग आगीवर परिषद भरवायची, हा महासत्तांचा जुना शिरस्ता.

*

हे सगळं फार दूरचं वाटत असेल तर चंद्रपूर जिल्ह्यात या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्राच्या आभाळातून जळती रेघ गेली. लोकांनी मोबाइल वर धरले. उल्का, धूमकेतू, शत्रूचं क्षेपणास्त्र, असे सगळे निष्कर्ष चहा होईपर्यंत निघाले. तेवढ्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून एक कडं येऊन पडलं. धातूचं, काळवंडलेलं, इतकं मोठं की उभं धरलं तर उंच माणूस न वाकता आरपार जाईल. आसपासच्या शिवारांत धातूचे गोळेही सापडले. ते कडं सिंदेवाहीच्या पोलिस ठाण्यात जमा झालं. अभ्यासकांनी माग काढला तो वर्षभरापूर्वी उडालेल्या चीनच्या लाँग मार्च ३बी या अग्निबाणापर्यंत.

चित्र डोळ्यांसमोर आणा. अब्जावधी युआनचा कार्यक्रम, बीजिंगमध्ये टाळ्या, आणि शेवट सिंदेवाही ठाण्यात, जप्त केलेल्या मोटारसायकलींच्या पंगतीत. कुणाला इजा झाली नाही, हे लाडबोरीचं नशीब. झाली असती तर १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे: ज्याचं यान, त्यानं भरपाई द्यायची. त्याचाही अनुभव जगाला आहे. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टीवाला कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळला. कॅनडानं साठ लाख डॉलर मागितले आणि तीन वर्षांनी तीस लाख हातात पडले. अवकाशातून पडलेल्या अणुभट्टीवरही निम्म्यात तडजोड होते, तर लाडबोरीच्या शेतकऱ्यानं किती अपेक्षा ठेवावी?

*

बाण झाला. आता घड्याळ.

आपल्या फोनला उपग्रह रस्ता सांगतो, हा गोड गैरसमज आहे. उपग्रह सांगतो ते एवढंच की मी इथं आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत. असे किमान चार उपग्रह आपापली वेळ सांगतात, त्यांचे संदेश किती उशिरा पोचले ते फोन मोजतो आणि आपली जागा काढतो. एका मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी तीनशे मीटरचा फरक पडतो. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ लागतं. आइनस्टाइनचा हिशेब धरला नाही तर ही घड्याळं दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि संध्याकाळपर्यंत चर्चगेटला उभा असलेला माणूस नकाशावर दादरला दिसू लागतो. जेवण घेऊन येणारा मुलगा, रिक्षाचं भाडं, मोबाइलचे टॉवर, शेअर बाजारातल्या व्यवहारांवरची वेळ, यातलं बरंच काही त्या घड्याळांच्या जिवावर चालतं. आणि क्षेपणास्त्रही. बाणाला घड्याळ लागतं, घड्याळाला बाण लागत नाही.

ही सोय आपल्याला कुणी दिली? अमेरिकी लष्करानं. जीपीएस हा मुळात सैन्याचा प्रकल्प. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकलेलं कोरियाचं प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानानं पाडलं, २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी ही यंत्रणा नागरी विमानांना खुली करण्याचं जाहीर केलं. तरी सामान्यांना मुद्दाम बिघडवलेली खूण मिळायची, शंभरेक मीटरनं हुकणारी. ती भेसळ क्लिंटन यांनी २००० सालच्या मे महिन्यात बंद केली. भेसळ करणाऱ्यानं स्वतःहून ती थांबवल्याचं उदाहरण आपल्या दूधवाल्यांनीही अभ्यासावं. मुद्दा असा, की चावी त्यांच्या हातात होती आणि आहे. कारगिलच्या वेळी अमेरिकेनं आपल्याला ही माहिती नाकारली, असं तेव्हापासून सांगितलं जातं. त्या सलातून आपली स्वतःची यंत्रणा उभी राहिली, असंही सांगितलं जातं. तिचं नाव नाविक. पहिला उपग्रह गेला २०१३ च्या जुलैत.

इथून पुढची गोष्ट कुणी राष्ट्राला उद्देशून सांगितली नाही, म्हणून या सदरात सांगावी लागते.

पहिल्या पिढीच्या उपग्रहांतली अणुघड्याळं आयात केलेली, स्विस. एका उपग्रहात तीन. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही बंद पडली. मग इतर उपग्रहांतलीही एकेक करून थांबू लागली. बदली म्हणून २०१७ मध्ये एक उपग्रह पाठवला, तर वरचं उष्णतारोधक कवच उघडलंच नाही. उपग्रह डब्यातल्या डब्यात राहिला. २०२३ मध्ये स्वदेशी घड्याळ असलेला एनव्हीएस-०१ व्यवस्थित पोचला, तेव्हा खरं तर देशभर पेढे वाटायला हवे होते. कुणी वाटले? २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याचं शंभरावं उड्डाण. रॉकेट झोकात गेलं, पण एनव्हीएस-०२ च्या इंजिनाला ऑक्सिडायझर सोडणारी झडप उघडली नाही आणि उपग्रह भलत्याच कक्षेत अडकला. २०२५ च्या जुलैत सरकारनं संसदेत हिशेब दिला: एकूण अकरा उपग्रह सोडले, त्यांतले जागा दाखवण्याचं काम करणारे चार.

चार. म्हणजे जागा काढायला लागतात तेवढेच, वर एकही नव्हता. एक आजारी पडला की नाविकला वल्हवायला कुणी उरणार नव्हतं.

मिशन शक्तीला तीन मिनिटं लागली. घड्याळं चालती ठेवण्याचं काम बारा वर्षं चाललं आहे. उपग्रह फोडण्याचं कौशल्य आपल्याकडे आहे, उपग्रहाला नीट किती वाजले ते सांगता येण्याची हमी नाही. माझं या विषयावरचं सगळं मत एवढ्यात आलं. कुणाला घाई असेल तर इथं उठायला हरकत नाही.

*

जे बसले आहेत त्यांच्यासाठी एक घरगुती प्रयोग. फोनमध्ये उपग्रह दाखवणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि गच्चीवर जा. पाण्याच्या टाकीशेजारी, मोकळ्या आभाळाखाली उभे राहा. मिनिटभरात पडद्यावर यादी उमटते, प्रत्येक ओळीला एक आकडा आणि एक चिमुकला झेंडा. अमेरिकेचे तारे-पट्टे, रशियाचा तिरंगी, युरोपचा निळा. आणि चीनचा लाल, एकाखाली एक, मोजताना बोट थकावं इतका. ती त्यांची बेइदोउ यंत्रणा. आपला तिरंगा शोधावा लागतो. बऱ्याच फोनांत तो दिसतच नाही, कारण जुने नाविक उपग्रह ज्या लहरींवर बोलतात त्या ऐकणारी चिप स्वस्त फोनांत नसते. नव्या पिढीत सगळ्यांना ऐकू येणारी लहर दिली आहे. फक्त ते उपग्रह वर नीट पोचायला हवेत.

आमच्याकडे चिनी मालावर बहिष्काराचे संदेश पाठवणारे एक गृहस्थ आहेत. कळकळ खरी आहे, टिंगल नको. पण त्यांचा संदेश चिनी बनावटीच्या फोनवरून निघतो आणि दुकानाचा पत्ता शोधताना तोच फोन चिनी उपग्रहालाही विचारून घेतो. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी जीपीएस बंद केलं. देशभक्तीमुळे ते त्या दिवशी चालत गेले. चुकले.

तारखा बघा, तारखा बोलक्या असतात. १५ जून २०२० ला गलवान. २३ जूनला चीननं बेइदोउच्या जागतिक जाळ्यातला शेवटचा उपग्रह सोडला. २९ जूनला आपण ५९ अ‍ॅपवर बंदी घातली. त्यांनी घड्याळ लावलं, आपण टिकटॉक बंद केलं.

*

पूर्वी लष्कराचं सामान उतरत्या वयात आपल्या घरी यायचं. रडारमधल्या मॅग्नेट्रॉनशेजारी उभं राहताना पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातलं चॉकलेट वितळलं आणि १९४७ पर्यंत मायक्रोवेव्ह ओव्हन बाजारात आला, तोही माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलोचा. आयफोनमधली सिरी बाई ही अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशांवर वाढलेल्या संशोधनाची लेक. आज तिला आपण कुकरच्या शिट्ट्या मोजायला लावतो.

आता वाहतूक उलटी झाली आहे. २००० साली जपाननं सोनीच्या प्लेस्टेशन-२ ला निर्यात परवान्याची अट घातली, कारण त्यातली चिप क्षेपणास्त्राला दिशा देऊ शकेल अशी भीती होती. दहा वर्षांनी अमेरिकी वायुदलानं सतराशेहून अधिक प्लेस्टेशन-३ एकमेकांना जोडून महासंगणक केला. अमेरिकी नौदलाच्या कोलोराडो पाणबुडीत पेरिस्कोपच्या नव्या अवताराला सुमारे ३८ हजार डॉलरच्या दांडीऐवजी व्हिडिओ गेमचा साधा कंट्रोलर जोडला, कारण नव्या पोरांना तो शिकवावा लागत नाही. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डर लायन यांनी सांगितलं की रशियाचं सैन्य भांडी धुण्याच्या यंत्रांतल्या आणि फ्रिजमधल्या चिप काढून आपली यंत्रं दुरुस्त करतं. म्हणजे ‘जुना फ्रिज बदलून घ्या’ या योजनेत यापुढे संरक्षण मंत्रालयाचाही ना-हरकत दाखला लागू शकतो.

आणि सैनिकांच्या मनगटावरचा तो घड्याळाचा पट्टा? २०१८ च्या जानेवारीत एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की स्ट्राव्हा या धावण्याच्या अ‍ॅपनं प्रसिद्ध केलेल्या नकाशावर वाळवंटातही उजळ रेघा आहेत. ते अमेरिकी तळ. जवान सकाळी तळाभोवती धावत होते आणि घड्याळ इमानेइतबारे ते जगाला सांगत होतं. हेर ठेवायचा खर्च वाचला, वर कॅलरीही मोजून मिळाल्या.

तंत्रज्ञानाचं दार बंद करणाऱ्यांचा एक किस्सा मात्र आपल्या बाजूचा आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं महासंगणक द्यायला हात आखडता घेतला. पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधनाची संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या चमूनं १९९१ मध्ये परम ८००० चालू करून दाखवला. त्यात स्फोट झाला नाही, धूर निघाला नाही, म्हणून त्याच्यावर चित्रपटही निघाला नाही. पण ती खरी संरक्षणसिद्धता होती.

*

आता घुमट. रेगन यांनी २३ मार्च १९८३ ला अवकाशातून क्षेपणास्त्रं अडवण्याचं स्वप्न दाखवलं. लोकांनी त्याला स्टार वॉर्स म्हटलं. दहा वर्षांत तीसेक अब्ज डॉलर गेले आणि पाटी बदलली. २०२५ च्या मेमध्ये ट्रम्प यांनी गोल्डन डोम, म्हणजे सोनेरी घुमट, जाहीर केला: १७५ अब्ज डॉलर, तीन वर्षांत तयार. त्यांच्याच संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज असा, की नुसत्या अवकाशातल्या अडवणाऱ्या क्षेपणास्त्रांवरच वीस वर्षांत ५४२ अब्जांपर्यंत जाऊ शकतात. ‘पझेशन तीन वर्षांत’ हे वाक्य ज्यांनी बिल्डरकडून ऐकलं आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. आपणही लाल किल्ल्यावरून सुदर्शन चक्र हे असंच संरक्षक कवच जाहीर केलं आहे, २०३५ ची मुदत घालून.

मला हे नको आहे का? मुळीच नाही. शेजार पाहता अहिंसेवर विमा मिळत नाही. ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली, सुमारे २७ हजार कोटींची. ते पैसे योग्य जागी चालले आहेत, कारण डोळे उघडे ठेवायला पर्याय नाही. माझं भांडण ताकदीशी नाही, ताकद मोजायच्या पट्टीशी आहे. किती फुटलं यावरून आपण मोजतो. किती चालू आहे यावरून मोजायला हवं.

कारण खरी लढाई अशीच होते. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा पहिल्या तासांत एकही उपग्रह फुटला नाही. जमिनीवरचे हजारो इंटरनेट मोडेम निकामी केले गेले. उपग्रह वर ठणठणीत, खाली ग्राहकाच्या घरातला डबा मेला. त्या धक्क्यात जर्मनीतल्या ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी संपर्क तुटला. मग इलॉन मस्क यांचं उपग्रहांवरून इंटरनेट देणारं स्टारलिंक धावून आलं. आणि सेव्हास्टोपोलपर्यंत सेवा चालू करण्याची विनंती आपण मानली नाही, हे मस्क यांनी २०२३ मध्ये स्वतःच सांगितलं. एका युद्धाची सीमारेषा एका दुकानदारानं ठरवली. २०२५ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रानंही याच स्टारलिंकशी इरादापत्र केलं, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीमसाठी. जिथं तार पोचत नाही तिथं इंटरनेट पोचावं, जरूर पोचावं. फक्त इराद्याचं पत्र आपलं आणि चालू-बंदचं बटण त्यांचं, एवढं सही करणाऱ्यानं कोपऱ्यात टिपून ठेवावं.

तर एक नम्र सूचना. दर पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून बाकी काय बोलायचं ते बोला, पण एक आकडा न चुकता वाचा: आज आपल्या किती उपग्रहांतलं घड्याळ चालू आहे. चारच्या वर गेला तर आम्ही उभं राहून टाळ्या वाजवू. चारच्या खाली आला, तर जीपीएस चालवणाऱ्या अमेरिकेच्या स्पेस फोर्सचं रीतसर आभारप्रदर्शन करा. शाल-श्रीफळ आमच्याकडे पडून आहे. पाठवायचं कुठं, तो पत्ताही त्यांचीच यंत्रणा शोधून देईल.